पाडा धरून शोधा आडनाव
जव्हार-मोखाड्याच्या कुटुंबांना वंशावळीचे कागद ऑनलाइन कसे मिळतील

घरातल्या मुलीचा नर्सिंगला किंवा इंजिनिअरिंगला नंबर लागला, की मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळच्या घरात पत्र्याची पेटी उघडते. जात वैधता प्रमाणपत्रासाठी जुना पुरावा हवा असतो आणि पेटीत निघतो तो फार तर वडिलांचा शाळेचा दाखला. आजोबांच्या नावापुढे कोणतं आडनाव लागत होतं, इथपासूनच वाद सुरू होतो. थोरला चुलता एक सांगतो, आत्या दुसरंच सांगते. मग कुणीतरी मोबाइलवर आडनाव टाकून बघतं. परदेशी वंशावळीच्या संकेतस्थळांवर त्या आडनावाची ढीगभर माणसं निघतात, त्यात मोखाड्यातलं एकही नसतं.

त्या संकेतस्थळांचा यात दोष नाही. ती उभी राहिली चर्चच्या रजिस्टरांवर. तिथे बाप्तिस्मा, लग्न, दफन असं सगळं पिढ्यान्‌पिढ्या एकाच आडनावाखाली लिहिलेलं असतं. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांना ती पद्धत लागू पडते. मोखाड्याच्या डोंगरात आडनाव कागदावर आलं ते बहुतेक घरांत शाळेबरोबर. त्याआधीच्या कागदात माणसाची ओळख म्हणजे स्वतःचं नाव, बापाचं नाव, जमात आणि गाव. म्हणून आपल्याकडे शोध करायचा तो तीन गोष्टी धरून: महसुली गाव व पाडा, आजोबा-पणजोबांची नावं आणि जमिनीचा नंबर. आडनाव शेवटी येतं. हा क्रम पाळला तर सरकारनं ऑनलाइन आणलेल्या कागदांचा खरा उपयोग होतो.

आधी घरातलं लिहून काढा

संगणकासमोर बसण्याआधी एक वही करा. घरातल्या आणि भावकीतल्या सर्वांत वयस्क माणसांना विचारा. फक्त ‘पणजोबांचं नाव काय’ एवढं विचारून भागत नाही. त्यांना भाऊ किती, थोरला कोण, घरजावई म्हणून कुणी दुसऱ्या गावी गेला का, आजी कोणत्या गावची आणि कोणत्या कुळातली, आजोबा शाळेत गेले असतील तर कुठे, जमीन कुणाच्या नावावर होती, कुणाची कसायला घेतली होती, हे सगळं विचारा. बायकांना तर आवर्जून विचारा. माहेर-सासर दोन्हीकडची नाती त्यांनाच पाठ असतात.

नाव लिहिताना हाक मारायचं आणि कागदावरचं अशी दोन्ही नावं लिहा. या भागात जन्मवारावरून नाव ठेवायची जुनी रीत आहे. त्यामुळे सोमा, मंगळ्या, बुध्या ही नावं एकाच पाड्यात चार-चार घरांत सापडतात. शिवाय घरात ‘लाडक्या’ म्हणतात तो कागदावर ‘लाडकू’ किंवा ‘लाडक’ असू शकतो. ही सगळी रूपं वहीत उतरवा, पुढे शोधताना तीच कामाला येतात.

साल आठवत नसेल तर घटनेला बांधून विचारा. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आजोबा केवढे होते, लग्न झालं होतं का, गावात शाळा कधी आली, असं विचारलं की अंदाज बसतो. पिढीला साधारण पंचवीस वर्षं धरा. वडील १९५५ च्या आसपासचे असतील तर आजोबांची जन्मनोंद १९२५ ते १९३५ या पट्ट्यात शोधायची, हे त्यावरून ठरतं. आणि घरातली मोठी माणसं जगायला भिवंडी-वसईकडे जात असतील तर त्यांना गाठायची वेळ म्हणजे पावसाळा ते दिवाळी. त्यानंतर निम्मा पाडा वीटभट्टीवर असतो.

गाव तेव्हा कुणाच्या कारभारात होतं?

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही आणि म्हणून माणसं चुकीच्या कचेरीत हेलपाटे घालतात. जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान होतं. ते १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं आणि ठाणे जिल्ह्याला जोडलं गेलं. मोखाडा मात्र इंग्रजांच्या थेट अमलात होता. शहापूर तालुक्याचा तो पेटा होता आणि शहापूरचं जुनं नाव कोळवण. म्हणजे आज शेजारी असलेल्या दोन गावांचे १९४८ पूर्वीचे कागद दोन वेगळ्या राज्यांच्या दफ्तरांत तयार झाले. संस्थानी गावाच्या कागदात मोडी लिपी आणि संस्थानी शिक्का सापडेल, तर इंग्रजी अमलातल्या गावाचे कागद ठाण्याच्या कलेक्टरीच्या नमुन्यात असतील.

पुढे १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे मोखाड्याचा जुना कागद मोखाडा तहसीलमध्ये नसेल, तर शहापूर आणि ठाणे ही दोन ठिकाणं बघितल्याशिवाय ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ हे उत्तर मान्य करू नका. नात्यातली माणसं घाटावर इगतपुरी-त्र्यंबककडे असतील तर नाशिक जिल्हाही यादीत घ्या.

महसुली गाव आणि पाडा यांतही गल्लत होते. सरकारी कागद महसुली गावाच्या नावावर लागतो, पाड्याच्या नव्हे. तुमचा पाडा आज सूर्यमाळमध्ये मोडत असला तरी पूर्वी तो कोणत्या महसुली गावात होता, हे ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडून, खात्री करून घ्या. गावाचं नावही दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, सूर्यमाळ आणि सुर्यमाळ ही दोन्ही रूपं तपासा.

‘आपले अभिलेख’ कसं वापरावं

राज्य सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर ‘आपले अभिलेख’ हा विभाग आहे. तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयांतली जुनी रजिस्टरं स्कॅन करून त्यावर ठेवली आहेत. सुरुवातीच्या ज्या सात जिल्ह्यांत हे काम झालं त्यांत पालघर, ठाणे आणि नाशिक हे तिन्ही होते. म्हणजे सूर्यमाळच्या घराला लागणारे तिन्ही जिल्हे.

नाव, मोबाइल नंबर आणि पत्ता भरून नोंदणी करा. आत गेल्यावर कार्यालय, जिल्हा, तालुका, गाव आणि अभिलेखाचा प्रकार निवडायचा. प्रकारांच्या यादीत जुना सातबारा, फेरफार, खाते उतारा, हक्क नोंदणीचे कागद, जन्म नोंद आणि मृत्यू नोंद अशी नावं दिसतील. जमिनीच्या कागदासाठी सर्व्हे किंवा गट नंबर टाकायचा, जन्म-मृत्यूच्या रजिस्टरासाठी साल. हवा तो कागद निवडून शुल्क भरलं की डिजिटल सहीची प्रत उतरवून घेता येते. लक्षात घ्या, इथे माणसाचं नाव टाकून शोध लागत नाही. म्हणूनच आधी वहीत गाव, साल आणि नंबर हवेत.

जमिनीचा नंबर माहीत नसेल तर ‘महाभूलेख’वर जा. तिथे गाव निवडून पहिलं नाव किंवा आडनाव टाकलं की आजचा सातबारा दिसतो. त्यावर फेरफारांचे नंबर असतात. तेच आपले मैलाचे दगड. आजच्या फेरफारावरून मागचा, त्यावरून त्याच्या मागचा असं जात राहायचं. त्यात वारस फेरफार सापडला तर एका नोंदीत अख्खी पिढी हाती लागते. अमुक खातेदार अमुक तारखेला मयत, त्यास वारस: मुलगा, मुलगी, विधवा, प्रत्येकाचं वय, असा तो मजकूर असतो. वारसांची स्वतंत्र नोंदवही म्हणजे गाव नमुना ६-क. तीही मागा.

जुन्या सातबाऱ्यावर आजोबांचं नावच नाही, म्हणून पुष्कळ जण तिथेच थांबतात. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलंय का बघा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून फक्त थोरल्या भावाचं नाव लावायची तेव्हा पद्धत होती. तुमचे आजोबा धाकटे असतील तर ते या थोरल्याच्या आडोशाला लपलेले असतात. तसंच ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल लहान असताना बाप गेला आणि आई किंवा चुलता पालक म्हणून लागला, असा त्याचा अर्थ. बापाच्या मृत्यूचं साधारण साल त्यावरून काढता येतं.

जिथे जमिनींचं एकत्रीकरण झालं तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या गट नंबरानं १९३० चा कागद मिळत नसेल तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या-नव्या नंबरांचं पत्रक घ्या.

कोतवाल बुक वाचताना

गावातली जन्म-मृत्यूची जुनी नोंद म्हणजे गाव नमुना नंबर १४. लोकांच्या तोंडी ती कोतवाल बुक. जमातीच्या पुराव्यासाठी हिच्याएवढा वजनदार कागद दुसरा क्वचितच, कारण यात जातीचा रकाना असतो आणि नोंद त्या-त्या वेळी, कुठलाही दाखला काढायचा हेतू नसताना झालेली असते.

पण ती वाचायची म्हणजे सवय लागते. जन्माच्या नोंदीत बहुतेकदा मुलाचं नावच नसतं. समजा पणजोबांचं नाव लाडक्या आणि त्यांच्या बापाचं सोमा. नोंद अशी दिसेल: ‘लाडक्या सोमा, ठाकूर, मुलगा.’ हा मुलगा तुमचे आजोबा की त्यांचा भाऊ, हे त्या ओळीवरून ठरत नाही. त्यासाठी लागोपाठच्या दहा-पंधरा वर्षांतली लाडक्या सोमाची सगळी अपत्यं एका कागदावर मांडा, मग मृत्यूच्या रजिस्टरात कोणतं मूल दगावलं ते बघा. राहिलेल्यांतून क्रम लावला की आजोबांची नोंद ओळखता येते.

जुन्या शब्दांची ओळख करून घ्या. ‘वल्द’ आणि ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘मयत’ तर सर्वांना ठाऊक आहे. नावापुढे ‘ठाकूर’, ‘वारली’, ‘कोळी’ असं लिहिलं असेल तर ते आडनाव समजू नका, बहुधा ती जमात आहे. नेमका हाच शब्द पुढच्या पिढीत कुणा घराला आडनाव म्हणून चिकटलेला असू शकतो, हेही ध्यानात ठेवा. साल शके लिहिलं असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १८५० म्हणजे १९२८-२९.

मोडी नोंद असेल तर स्वतः अंदाज बांधू नका. मोडी वाचक शोधा, लिप्यंतर करून घ्या आणि त्यावर त्याची सही घ्या. मोडीत दोन अक्षरं चुकली तर बाप बदलतो.

स्कॅनमध्ये पान नसेल किंवा फाटलेलं असेल तर मोखाडा किंवा जव्हार तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या. अर्जात गाव, नमुना नंबर, सालांचा पट्टा आणि नाव स्पष्ट लिहा. ‘आमच्या कुटुंबाचे सर्व जुने पुरावे मिळावेत’ अशा अर्जाला उत्तर मिळत नाही. ‘मौजे सूर्यमाळ, गाव नमुना १४, सन १९२५ ते १९३५’ अशा अर्जाला मिळतं. उत्तर नकारार्थी असेल तर तेही लेखी घ्या. रेकॉर्ड जीर्ण झालं किंवा उपलब्ध नाही, हे पत्र पुढे जात पडताळणी समितीसमोर कामी येतं.

आणखी एक खजिना अलीकडे उघडला. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना राज्यभर जुनी रजिस्टरं चाळली गेली आणि अनेक जिल्ह्यांनी त्यांची पानं आपल्या संकेतस्थळांवर चढवली. नोंद कुणब्याची असली तरी पान अख्ख्या गावाचं असतं. तुमच्या गावाचं पान त्यात आहे का, हे बघायला पैसे लागत नाहीत.

शाळेचं रजिस्टर: आडनाव इथे जन्मलं

आजोबा किंवा त्यांचे भाऊ एक दिवस जरी शाळेत गेले असतील, तरी प्रवेश-निर्गम रजिस्टरात त्यांचं नाव आहे. जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांकडे अर्ज करून त्या पानाचा उतारा घ्या. नुसता दाखला घेऊन थांबू नका. मूळ पानावर मागचे-पुढचे विद्यार्थी दिसतात आणि त्यांत चुलत भावंडं निघतात. सूर्यमाळला आज आश्रमशाळा आहे, पण आजोबांच्या वेळी गावात शाळा नसेल तर खोडाळा, मोखाडा, जव्हार इथल्या जुन्या शाळा तपासा.

या रजिस्टरात दोन गोष्टी सांभाळून वाचायच्या. जन्मतारीख १ जून असेल तर ती गुरुजींनी अंदाजानं घातलेली असण्याची शक्यता मोठी. आणि आडनाव गुरुजींच्या कानाला जसं पटलं तसं लिहिलेलं असतं. निरगुडा आणि निरगुडे, गावंडा आणि गावंडे, भुसारा आणि भुसारे ही रूपं आपल्याला सगळीकडे दिसतात. बोलीतल्या आकारान्त आडनावाला कुणी शाळेत एकारान्त करून टाकलं, कुणी तसंच ठेवलं. सख्ख्या भावांचे दाखले दोन तऱ्हांचे निघतात. ऑनलाइन शोधताना दोन्ही रूपं टाका आणि समितीपुढे जाताना ‘दोन्ही आडनावं एकाच घराची’ हे शपथपत्रात आधीच सांगून टाका. विचारल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.

एकच आडनाव, घर मात्र वेगळं

उलटा धोकाही तेवढाच. मुकणे हे जव्हारच्या राजघराण्याचं आडनाव आणि ते घराणं महादेव कोळी. हेच आडनाव कातकरी वस्त्यांमध्येही जागोजाग आहे. वाघ, पवार, जाधव ही आडनावं तर कातकऱ्यांपासून मराठ्यांपर्यंत कुठेही भेटतात. कोकणा घरांतल्या चौधरी किंवा गायकवाडचा देशावरच्या चौधरी-गायकवाडांशी संबंध असेलच असं नाही. कुणी ऑनलाइन ‘आपण सगळे एक’ म्हणून गट काढला, त्यातल्या कुणाकडे जुना कागद सापडला, तर आपल्या गावाशी त्याचा धागा जुळल्याशिवाय तो आपल्या वंशावळीत घुसवू नका. पडताळणी समितीचं दक्षता पथक गावात येऊन विचारतं, तेव्हा असा उसना पूर्वज टिकत नाही.

आडनावापेक्षा कूळ जुनं आणि पक्कं. महादेव कोळ्यांची २४ कुळं इंग्रजी अमलातल्या जुन्या गॅझेटिअरांमध्ये दिली आहेत. वनकपाळ, दळवी, कदम, केदार, सागर, सूर्यवंशी ही त्यांतली काही. एकेका कुळात कितीतरी आडनावं येतात आणि एका कुळात लग्न होत नाही. तेव्हा आजीला आडनाव विचारण्याआधी कूळ, देवक, कुलदैवत विचारा. लग्न कुठे जमतं आणि कुठे जमत नाही, हे सांगताना वडीलधारी माणसं भावकीची हद्दच आखून देतात. मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवात, एखादं सोंग ठरावीक घराण्याकडे चालत आलं असेल, तर त्या घराण्यातले भाऊबंद कोण, हेही टिपून ठेवा. हा कागदी पुरावा नव्हे, पण कोणत्या घराचे कागद शोधायचे ते त्यातून कळतं.

ही गॅझेटिअरं राज्याच्या गॅझेटिअर विभागानं आणि इंटरनेट अर्काइव्हनं फुकट वाचायला ठेवली आहेत. एन्थोवेनचे मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींवरचे तीन खंड १९२० ते १९२२ मधले. ल. ना. चापेकरांचं सह्याद्रीतल्या ठाकरांवरचं आणि के. जे. सावे यांचं वारल्यांवरचं पुस्तक इंग्रजीत आहे. डॉ. गोविंद गारे यांनी महादेव कोळ्यांवर मराठीत लिहिलं. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून याच विषयात काम करते. या ग्रंथांत तुमच्या आजोबांचं नाव मिळणार नाही. कूळ, चालीरीती आणि त्या काळी कोण कुठे राहत होतं, एवढं मिळेल.

जमीन नावावर नसेल तर

या पट्ट्यात कसणारा एक आणि सातबाऱ्यावर दुसराच, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. म्हणून सातच्या बाजूला नाव नसलं तर बाराच्या बाजूला बघा. पीकपाहणीच्या रकान्यात जमीन कसणाऱ्याचं नाव यायचं, ‘इतर हक्क’मध्ये कूळ म्हणून नोंद असायची. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळं मालक झाली. त्या काळातल्या कुळकायद्याच्या प्रकरणांत कुळाचं नाव, बापाचं नाव आणि गाव असा भक्कम मजकूर असतो. १९७४ च्या कायद्यानं आदिवासींच्या जमिनी परत मिळवण्याची प्रकरणं चालली, त्यांत तर जमात हाच मुद्दा होता. धरणासाठी जमीन गेली असेल तर भूसंपादनाचा निवाडा काढा, मोबदला वाटताना वारसांची यादी केलेली असते.

वन जमिनीवरच्या घरांनी एकसाली पट्टे, वन खात्याच्या दंडाच्या पावत्या, जुन्या गुन्ह्यांचे कागद फेकून देऊ नयेत. दंडाची पावतीसुद्धा आजोबा त्या जागी होते हे सांगते. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे. त्यांत पुराव्यांच्या यादीत वंशावळीचं नाव स्पष्ट आहे. जुन्या कागदात ज्याचं नाव आहे त्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, दोन्ही चालतात. म्हणजे कॉलेजसाठी जमवलेली फाइल जमिनीच्या दाव्यालाही उपयोगी पडते.

अस्थी त्र्यंबकला न्यायची रीत ज्या घरांत आहे, त्यांनी तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या विचाराव्या. यजमानाचं नाव, गाव, बरोबर आलेले नातलग असं त्यांत उतरवलेलं असतं. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या ‘फॅमिली सर्च’ या मोफत संकेतस्थळावर हरिद्वारसारख्या तीर्थांच्या वह्यांचे स्कॅन आहेत. आपल्यासाठी त्र्यंबक जवळचं, आणि तिथे प्रत्यक्ष जाऊन गाव सांगणं हाच उत्तम मार्ग.

पूर्वज जव्हार संस्थानच्या चाकरीत होता असं घरात सांगतात? मग राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्याचं पुराभिलेखागार बघा. इंग्रजी कागदात जव्हारची स्पेलिंगं जवार, जोहार, जव्हार अशी बदलत जातात, सगळी टाकून पाहा. सामान्य शेतकऱ्याच्या घराला मात्र तिथे फारसं काही मिळत नाही. त्यासाठी मुंबईची खेप नको.

जुळवणी आणि कायदा

एक साधा नियम ठेवा. कोणताही पूर्वज वंशावळीत पक्का करायचा तर दोन वेगवेगळ्या कागदांत त्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव जुळलं पाहिजे. नाव जुळतं पण गाव जुळत नाही, तर पेन्सिलीनं लिहा. प्रत्येक नावासमोर कागदाचा प्रकार, नंबर, पान आणि साल टिपा. असं केलं की वंशावळ कुणाच्या तोंडच्या शब्दावर उभी राहत नाही.

अनुसूचित जमातींच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५० ही तारीख महत्त्वाची, त्या दिवशी राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्याआधीचा कागद सर्वांत मोलाचा. पडताळणी समित्या आणि दक्षता पथकाची आजची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या माधुरी पाटील निकालातून आली, ते प्रकरण महादेव कोळी असल्याच्या दाव्याचंच होतं. पुढे २४ मार्च २०२३ ला महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या खटल्यात न्यायालयानं सांगितलं की चालीरीतींवर आधारलेली आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी नाही, १९५० पूर्वीच्या कागदांना जास्त वजन आहे. शिकून शहरात वाढलेल्या मुलाला कुलदैवताची गाणी आली नाहीत म्हणून घाबरून जायचं कारण नाही, पण कागद मात्र हवेत.

कुठे सावध राहायचं

‘१९४० ची नोंद मिळवून देतो, एवढे पैसे द्या’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. समिती मूळ रजिस्टर मागवते. शाई, अक्षर, ओळींमधली जागा सगळं बघितलं जातं. घुसडलेली नोंद पकडली गेली तर प्रवेश जातो, नोकरी जाते, आणि २००० च्या कायद्याखाली शिक्षाही होते. तुम्ही स्वतः जुन्या कागदावर काहीही गिरवू नका, पुसट अक्षरसुद्धा.

आडनावाचा ‘इतिहास’ आणि राजचिन्ह विकणारी संकेतस्थळं आणि थुंकीच्या नमुन्यावरून पूर्वज सांगणाऱ्या चाचण्या यांना समितीपुढे किंवा तहसीलमध्ये किंमत नाही. परदेशी संकेतस्थळावर कुटुंबवृक्ष काढायची हौस असेल तर जरूर काढा, मात्र हयात माणसांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक आणि जमातीचे दाखले तिथे चढवू नका.

डोंगरावर रेंज येते-जाते. त्यामुळे प्रत उतरवली की लगेच तीन ठिकाणी ठेवा: मोबाइलमध्ये, घरातल्या कुणाच्या ईमेलवर आणि छापून फाइलमध्ये. फाइलच्या नावात ‘स्कॅन १’ असं लिहिण्याऐवजी गाव, नमुना, साल आणि माणसाचं नाव लिहा. सेवा केंद्रावर काम करून घेत असाल तर नोंदणी आपल्याच मोबाइल नंबरवर करायला सांगा, नाहीतर पुढच्या वेळी खातं कुणाचं हेच शोधत बसावं लागतं.

रक्तनात्यातल्या एकाला वैधता मिळाली की तो दाखला बाकीच्या भावंडांसाठी मोठा पुरावा ठरतो. त्यासाठी दोघांची वंशावळ एकाच पूर्वजाशी, तंतोतंत तशीच जुळली पाहिजे. म्हणून ही फाइल एका घरापुरती करू नका. चुलते, आत्या, त्यांची मुलं सगळ्यांना एकत्र बसवा, एकच वंशावळ ठरवा, सगळ्यांच्या शपथपत्रांत तीच लिहा. खर्च वाटून घ्या आणि फाइलची एक-एक प्रत प्रत्येक घरात द्या. पुढच्या वर्षी भावकीतल्या दुसऱ्या मुलाचा नंबर लागेल, तेव्हा त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.